कुंपणाला राखणदार कोण?

राज्याला डोळे आणि कान हवेत, याविषयी दुमत नाही. परचक्राचा वा घातपाताचा सुगावा लावण्यास गुप्तवार्ता खाते हवेच. परंतु तेच कान राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या भिंतीला लागले, म्हणजे जनतेचा विश्वास उडाल्यावाचून राहत नाही. राजकारण्यांचे दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणी १९८८ साली कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. राजीव गांधींच्या निवासस्थानावर हरियाणाच्या दोन पोलिसांनी पाळत ठेवल्याचा आरोप झाला आणि १९९१ च्या मार्चमध्ये चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. थोरामोठ्यांची ही कथा, तर सामान्य नागरिकाने कोणाच्या भरवशावर निर्धास्त राहावे?

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यावर बंधने घातली खरी. पण आढावा घेणारी समिती सरकारी सचिवांचीच! गुप्तवार्ता विभाग १८८७ पासूनचा, 'रॉ' १९६८ पासूनची. दोहोंपैकी एकाचीही स्थापना संसदेच्या कायद्याने झालेली नाही. अमेरिकेत १९७५ साली सिनेटच्या चर्च समितीने अशाच खात्यांची दप्तरे तपासली व त्यांचे गैरप्रकार चव्हाट्यावर आणले. त्याने ते राष्ट्र दुबळे झाले नाही.

आमचे मागणे माफक आहे. गुपिते गुपितच राहोत. मात्र या खात्यांना जाब विचारण्याचा अधिकार संसदेच्या सर्वपक्षीय समितीस कायद्याने मिळावा. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोठे मागावयाची, हे शेताच्या धन्याला ठाऊक असले पाहिजे. आणि लोकशाहीत तो धनी म्हणजे जनता!