भाजी कोण निवडतं?

संध्याकाळच्या कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बायका ठाकुर्ली-डोंबिवलीकरांना नवीन नाहीत. शेजारच्या जेन्ट्स डब्यात तेव्हा पत्ते रंगलेले असतात. दमलेली माणसं दोन्हीकडे, भाजी मात्र एकाच डब्यात! मित्रांनो, हे आपल्याला शिकवलं कुणी? 'पुरुषांनी भाजी निवडू नये' असं वाक्य तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वाक्य नव्हतं, पण चित्र होतं. अक्षरओळख व्हायच्या आधी मूल चित्र वाचतं. मजकूर नुसता 'सकाळ झाली' एवढाच. ओट्यापाशी आई आणि खुर्चीत पेपर घेऊन बाबा, हे चित्रकार ठरवतो. ऐकलेल्या वाक्यावर मूल 'का?' म्हणून विचारतं. चित्र बघून मात्र 'असंच असतं' म्हणत पान उलटतं. ड्रॉइंगच्या शीट घासणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शीटवर जशी रेष, वर्कशॉपमध्ये तसा जॉब!

म्हणूनच २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले, बाई डॉक्टर आणि वाहतूक पोलीस दाखवली, हे मला फार मोलाचं वाटतं. एका चित्रानं घर बदलत नाही, कबूल. पण बाबा भाजी निवडताहेत यात हसण्यासारखं काही नाही, एवढं तरी त्या मुलाला कळतं.

चित्र सुधारलं, आता शब्दांचं काय? चित्रात दोघं एकच काम करत असले, तरी आपण वाचून दाखवताना म्हणतो, 'आई भाजी निवडते, बाबा भाजी निवडतात.' काम तेच, मान वेगळा. कुणी म्हणेल, आईला एकेरी म्हणणं हे प्रेम आहे. ठीक. मग आजोबा 'येतात' आणि आजी 'येते', हे कसं? वयाचा मान तिला नको? आणि एकेरीतच प्रेम असेल, तर बाबांनाही त्यातलं थोडं मिळू दे की! हल्ली पुष्कळ घरांत 'ए बाबा' ऐकू येतं, ते उगाच नाही.

हॉस्टेलवर आपण मुलगे कपडे धुतो, खोली झाडतो, रात्री मॅगीही करतो. सुट्टीत घरी गेलो की मात्र जेवलेलं ताट जागेवरच! हातांना सगळं येतं, डोक्यातलं जुनं चित्र तेवढं पुसलेलं नाही. ते आपल्यालाच पुसायला हवं. कारण घरातली धाकटी भावंडं, भाचरं पुस्तकातल्या बाबांकडे बघतात, तशी आपल्याकडेही बघत असतात.