व्हिसा आला, पण कुठला?

"व्हिसा आला!" हे दोन शब्द आमच्या राजापूर तालुक्यात नवस फळल्याच्या सुरात सांगितले जातात. पेढे वाटले जातात, नवी बॅग येते, आईचे डोळे भरून येतात. आखातात पंधरा वर्षं काढून आलेला एखादा काका उन्हाळ्यात कसं राहायचं ते समजावून सांगतो. या सगळ्या गडबडीत एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कुठला व्हिसा आला?

तुम्ही म्हणाल, व्हिसा म्हणजे व्हिसा, त्यात काय विचारायचं! पण परक्या मुलखात माणसाला कुठला कायदा लागू होणार हे त्या एका कागदावर ठरतं. नोकरीच्या व्हिसावर गेलेला इलेक्ट्रिशियन पगार थकला तर तिथल्या सरकारकडे उजळ माथ्याने तक्रार करू शकतो. तेच काम, तेवढेच तास, पण व्हिजिट व्हिसावर गेलेला असेल तर आधी तोच गुन्हेगार ठरतो, मालकाचं नंतर बघू. माणूस तोच, घामही तोच, फरक फक्त शिक्क्याचा.

व्यापाराच्या परवान्यावर येऊन भलतंच काम करणारी माणसं राजापूरने साडेतीनशे वर्षांपूर्वीच पाहिली आहेत. इंग्रजांची इथे वखार होती. आले होते व्यापाराला, पण पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा त्यांनी त्याला तोफा-दारूगोळ्याची मदत केली. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं आणि हे वखारवाले कैदेत गेले. त्यांच्यामागे निदान कंपनी तरी होती. नाटे, जैतापूर, पाचल, ओणी इथून जाणाऱ्या पोराच्या मागे कोण आहे?

तर मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट आहे. त्याआधी १९२२ चा ब्रिटिशांचा कायदा होता. या १९८३ च्या कायद्यामुळे पासपोर्टांचे दोन प्रकार झाले. कमी शिकलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का, म्हणजे जाण्याआधी तपासणी आवश्यक. सौदी, युएई, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया असे एकूण १८ देश ठरवलेले आहेत. तिथे नोकरीला जायचं तर या शिक्केवाल्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडून क्लिअरन्स घ्यावा लागतो. त्यासाठी मालक कोण, करारात काय लिहिलंय, हे तपासलं जातं. प्रवासी भारतीय बिमा योजनेचा विमाही काढावा लागतो, दोन वर्षांचा २७५ रुपयांत किंवा तीन वर्षांचा ३७५ रुपयांत, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. तपासणी अगदी चोख असते असं मी म्हणत नाही, पण निदान कुणीतरी परका माणूस तो करार एकदा डोळ्यांखालून घालतो.

आणि दहावी पास झालेल्याला? त्याला हा शिक्काच नसतो. तो शिकलेला, त्याला स्वतःचं हित कळतं, असं सरकारने धरलेलं आहे. म्हणून त्याचा करार कुणी बघत नाही.

इथे आमच्या कोकणाची गंमत सुरू होते. (गंमत कसली म्हणा!) दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, आणि त्याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण याचाच अर्थ असा की आमची जवळजवळ सगळी पोरं बिनशिक्क्याची आहेत. "आपला काय, साधा पासपोर्ट आहे, कुठे विचारायला जायला लागत नाही" हे ती छाती फुगवून सांगतात. खरं आहे, विचारायला जायला लागत नाही. पण मग त्यांच्यासाठीही कुणी विचारत नाही. दहावी पास म्हणजे भूमितीतलं प्रमेय येतं. इंग्रजी-अरबीतला नोकरीचा करार वाचता येतो असं नव्हे.

सरकारलाही हे कळलेलं होतं. २०१८ च्या नोव्हेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं की बिनशिक्क्याच्या लोकांनीसुद्धा या १८ देशांत नोकरीला जाण्याआधी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करणं सक्तीचं, १ जानेवारी २०१९ पासून. ओरड झाली, आणि सक्ती लागू व्हायच्या आधीच स्थगित झाली. नोंदणी ऐच्छिक राहिली. आता ऐच्छिक गोष्ट आपल्याकडे किती जण करतात हे मी सांगायला नको.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं सांगतो. दहावी, मग आयटीआय, हात चांगला. गावातल्याच एकाने मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून दुबईचा व्हिसा आणून दिला. पैसे रोख, पावती नाही. व्हिसा व्हिजिटचा. "तिकडे गेल्यावर बदलून देतात" असं सांगितलं होतं. यातली लबाडी अशी की हे अर्धं खरं आहे. युएईमध्ये आत राहून व्हिसा बदलून घेता येतो. पण तो मालकाने करायचा असतो, आणि मालकाने केला नाही तर? या पोराने दोन महिने काम केलं, पगार शून्य. व्हिजिटची मुदत संपली आणि मग रोजचा पन्नास दिरहॅम दंड चढायला लागला. तक्रार कुठे करणार? तक्रारीची पहिली ओळच "मी परवानगी नसताना काम करत होतो" अशी झाली असती. २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये युएईने मुदत संपलेल्यांना दंड माफ करून परत जायची सवलत दिली, तेव्हा तो सुटला. घरी आला तो कर्ज घेऊनच.

दुसरा प्रकार आमच्याकडे 'आझाद व्हिसा' या गोड नावाने ओळखला जातो. कागदावर एक कफील, काम भलत्याकडेच, आणि त्या कफीलला वर्षाचे पैसे द्यायचे. जुन्या मंडळींनी यावर घरं बांधली हेही खरं. पण कुठल्याही देशाच्या कायद्यात आझाद व्हिसा नावाचा व्हिसा नाही. कफीलचं बिनसलं आणि त्याने "माणूस पळाला" अशी नोंद केली, सौदीत ज्याला हुरूब म्हणतात, की आझादी संपली.

तिकडचे कायदे बदलत आहेत हेही सांगायला हवं, नाहीतर आखात म्हणजे अंधारकोठडी असं चित्र होईल. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. सौदीने मार्च २०२१ पासून काही अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली. युएईमध्ये ५० हजार दिरहॅमपर्यंतच्या तक्रारीचा निकाल २०२४ पासून तिथलं कामगार मंत्रालयच देऊ शकतं, आणि एक लाखाच्या आतल्या दाव्याला कोर्ट फी नाही. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथे मालकाला मनाई आहे. पण हे सगळे दरवाजे उघडतात ते नोकरीच्या व्हिसावर, खऱ्या मालकाकडे, करारावर सही करून गेलेल्यालाच. सुधारणा झाल्या की सरळ कागदवाल्याचा फायदा वाढतो आणि वाकड्या कागदवाल्याचं नुकसानही तेवढंच वाढतं.

म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की या बाबतीतली कायद्याची मदत जाण्याआधी घ्यायची असते, समुद्राच्या या बाजूला. पलीकडे गेल्यावर भारतीय दूतावास आहे, २०१५ पासूनचं 'मदद' हे तक्रारीचं संकेतस्थळ आहे, २००९ पासूनचा कल्याण निधी आहे. त्यातून अडलेल्याला तिकीट मिळतं, कधी वकीलही मिळतो. ही सगळी चांगली माणसं, पण त्यांच्या हातात जो कागद तुम्ही द्याल त्यावरच ती बोलणार. कागदच नसेल तर ती तुम्हाला परत आणू शकतील, पैसे आणू शकणार नाहीत.

मग विचारायचं काय? व्हिसा नोकरीचा की व्हिजिटचा, आणि त्यावर मालक म्हणून कुणाचं नाव. एजंटचा नोंदणी क्रमांक काय, कारण नोंदणीशिवाय परदेशी भरती करणं हा गुन्हा आहे आणि ई-मायग्रेटवर तो क्रमांक घरबसल्या तपासता येतो. पैसे किती, कारण नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि पावती द्यावीच लागते. करारात पगार, तास, राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट लिहिलंय का. युएईचं ऑफर लेटर तर कामगाराला कळेल अशा भाषेत द्यायचं असतं. मराठी त्या यादीत नाही, पण हिंदी आणि उर्दू आहेत. तेव्हा "इंग्रजीत होतं, कळलं नाही" म्हणायचं कारण उरत नाही, मागितलं तर. आणि शेवटचं म्हणजे या सगळ्याची एक प्रत घरी ठेवायची. संकट आलं की धावपळ घरच्यांनाच करायची असते.

"एवढं विचारत बसलो तर संधी दुसऱ्याला जाईल" असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. खरी संधी पावती मागितल्याने जात नाही, एवढंच माझं उत्तर. पण खरी अडचण ही नाहीच. खरी अडचण म्हणजे भीड. मुंबईचा एजंट आपल्याला कधी दिसतच नाही. मधला माणूस असतो तो गावातला. कुणाचा मामा, कुणाचा मेव्हणा, गणपतीत शेजारी बसून आरती म्हणणारा. त्याच्याकडे पावती मागायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. कायद्याला हा मधला माणूस माहीतच नाही. पैसे मात्र त्याच्याच हातातून जातात.

आणि ही भीड कुणाला? आम्हाला! वितभर बांधासाठी सख्ख्या भावावर दावा लावून तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणाऱ्या कोकणी माणसाला! पणजोबांच्या वेळचे सातबारे आणि खरेदीखतं आम्ही पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवतो. भावाकडे कागद मागताना आम्हाला लाज वाटत नाही. मग पोटचा पोरगा परमुलखात पाठवताना का वाटावी? जमीन काही पळून जात नाही. पोरगा तर हजारो मैलांवर जातो.

कायद्याचंही थोडं आहे. बिननोंदणीच्या एजंटला १९८३ च्या कायद्यात शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! नव्या कायद्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये लोकांसमोर ठेवले गेले. ते वाचून मत कळवावं असं आपल्याकडे किती ग्रामपंचायतींना वाटलं असेल?

पण सगळंच दिल्लीवर सोडायला नको. राजापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. गरजूंना मोफत वकील आणि सल्ला देणं हे तिचं कामच आहे. १५१०० हा देशभराचा क्रमांकही आहे. स्त्रियांना तर या मदतीसाठी उत्पन्नाची अटही नाही, आणि पोरगा अडकला की पाठपुरावा करणारी बहुधा आई किंवा बायकोच असते. माझी मागणी फार मोठी नाही. समितीने महिन्यातून एक दिवस फक्त परदेशी नोकरीचे कागद वाचून दाखवावेत. आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला यावर दोन तास बोलावं. जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या आवारात बोलावं, सप्त्यात देवळात बोलावं. केरळने १९९६ मध्ये परदेशस्थांसाठी वेगळं खातं काढलं, नंतर नोर्का रूट्स उभी केली, आखातातल्या आपल्या माणसांसाठी कायदे सल्ल्याची सोय केली. आपण तालुक्यापुरती एक खुर्ची आणि एक टेबल तर मांडू शकतो ना?

आणि तोवर एक काम आपल्यातल्या प्रत्येकाला करता येईल. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबई-पुण्याहून गावी येणारी आपली मंडळी बँकेत, ऑफिसात, कंपनीत रोज करारच वाचत असतात. शेजारच्या घरात व्हिसा आला असं कळलं की पेढा जरूर खा. पण खाता खाता म्हणा, "बघू जरा कागद." वाईट वाटलं तर वाटू दे. दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी कागद घेऊन येतील.