जाहिरातीत नसलेलं प्रमाणपत्र

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते. मैदान 50 गुणांचं, लेखी 100 गुणांची. मैदानावर धावणं आणि गोळाफेक. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्यज्ञान. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर वाढीव गुण मिळतात. ‘क्रिमिनल जस्टिस’च्या कोर्सचं प्रमाणपत्र असेल तर एकही गुण वाढत नाही. कारागृह शिपायाची तीच गत. फौजदारकीच्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, सरकारी वकिलाला कायद्याचीच लागते आणि न्यायालयातल्या लिपिकाला टायपिंग. या जाहिरातींतली पात्रतेची ओळ बोट ठेवून वाचली तरी या कोर्सचं नाव त्यात सापडत नाही.

तरी निकालांच्या मोसमात मोबाइलवर अशा कोर्सच्या जाहिराती यायला लागतात. तीन महिने किंवा सहा महिने, सगळं घरबसल्या, शेवटी सोनेरी कडेचा कागद. फोटोत वर्दी असतेच. सावंतवाडी तालुक्यातल्या घरात मग ठरलेलं वाक्य येतं : ‘करून ठेव, वाया जावचो नाय.’

वाया जातो तो पैसा परवडला. सहा महिन्यांचं वय परवडत नाही. शिपाई भरतीला खुल्या प्रवर्गासाठी 28 वर्षांची मर्यादा आहे, मागासवर्गीयांना 33. भरती दरवर्षी ठरल्या तारखेला निघत नाही. निघाली की तयार असावं लागतं. 2024 ची मैदानी चाचणी ऐन जूनमध्ये सुरू झाली, आणि कोकणातल्या जूनमध्ये 1600 मीटर धावणं म्हणजे काय, ते इथल्या पोरांना सांगायला नको. तो सराव पहाटे करायचा असतो. रात्री दीडपर्यंत ‘गुन्हेगारीशास्त्राचे सिद्धांत’ वाचणाऱ्याला तो झेपणं कठीण. गोव्यात सिक्युरिटीच्या नोकरीला उपयोगी पडेल, हा दुसरा युक्तिवाद. पण खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्याने रखवालदाराच्या प्रशिक्षणाची जबाबदारी एजन्सीवरच टाकली आहे. जे मालकाने द्यायचं, ते आपण खिशातून का घ्यावं?

म्हणजे हा विषयच फुकट आहे असं नव्हे. इग्नूची क्रिमिनल जस्टिसची पदव्युत्तर पदविका आहे, कुठल्याही पदवीधराला खुली. आधीच वकिली करणारा, पोलीस खात्यात असलेला किंवा एखाद्या संस्थेत कैद्यांच्या कुटुंबांसाठी राबणारा माणूस ती घेतो, तेव्हा त्याच्या हातातल्या कामाला ती लागते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कोठडीतल्या आणि तुरुंगातल्या माणसांबरोबर काम करतो आहे. तिथे हे ज्ञान रोज कामी येतं. काम आधी आहे, कागद मागून आला. आपल्याकडे कागद आधी घेऊन काम शोधत फिरायची पद्धत पडली आहे, आणि कोर्स विकणाऱ्यांचा धंदा तीवरच चालतो.

खरी मागणी कुठे आहे तेही पाहावं. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत मेलेल्या तरुणाचा मृतदेह आंबोलीत आणून जाळला गेला. आपल्याच तालुक्यातला घाट. जळालेल्या देहाची ओळख, मृत्यूचं कारण, पुराव्याची साखळी हे सगळं अशा वेळी प्रयोगशाळेतली माणसं सिद्ध करतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. एवढी माणसं अजून तयार व्हायची आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी केंद्राचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, आणि त्याचा एक परिसर बांद्याची हद्द ओलांडली की पुढे गोव्यात फोंड्याला, कुर्टीत आहे. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासाला विज्ञानाचा पाया पक्का लागतो. म्हणून बारावी सायन्सच्या मुलीला तपासात रस असेल, तर तिने तीन महिन्यांच्या कोर्सची फी वाचवावी आणि बीएस्सी नीट करावी. कायद्यात रस असेल त्याला कुडाळला विधी महाविद्यालय आहे. वर्षं जास्त जातील, पण त्या पदवीला जाहिरातीत जागा आहे.

आणि कायदा फक्त समजून घ्यायचा आहे, लोकांच्या उपयोगी पडायचं आहे, असं कुणाला मनापासून वाटत असेल, तर? 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चारांतले तीन कैदी कच्चे होते, निकाल न लागलेले. नव्या संहितेच्या कलम 479 प्रमाणे, काही अपवाद सोडले, तर पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की तो बंधपत्रावर सुटू शकतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. हे कैद्याच्या घरच्यांना सांगणारं माणूस हवं असतं. तुरुंग सावंतवाडीतही आहे. विधी सेवा प्राधिकरण यासाठी विधी स्वयंसेवक नेमतं, त्यांना प्रशिक्षण देतं आणि कामाच्या दिवसांचं मानधनही देतं. पगार नव्हे, मानधन. त्यावर संसार चालत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मात्र त्या प्रशिक्षणाला फी नाही. चौकशी तालुका विधी सेवा समितीकडे, न्यायालयात करावी.