धरणाच्या काठी रिकामा हंडा

दिवाळीच्या पहाटे पुण्यात अभ्यंगस्नानासाठी नळ सोडला, की पानशेत-वरसगावचे पाणी येते. ते वेल्ह्याच्या डोंगरदऱ्यांतले. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या उसाला जाते. आणि ज्यांची भाताची खाचरे या पाण्याखाली गेली, त्या भोर-वेल्ह्याच्या कित्येक वाड्या चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात! हा कोठला न्याय?

जाणते सांगतात, "पाणी उताराकडे धावते, त्याला कोण काय करणार?" खरे आहे. कालवा धरणाच्या खालून निघतो आणि उठवलेली वाडी वर डोंगराला चिकटलेली असते. परंतु शहरात तेच पाणी टेकड्या चढते, मजले चढते. तेथे आडवा न येणारा उतार वाडीलाच कसा आडवा येतो?

वाडीला उरले काय? वरकस जमिनीवर राब भाजून केलेली नाचणी-वरई, पाणी ओसरल्यावर गाळपेरीचे चार पायली दाणे, आणि शहरात हमालीला गेलेला मुलगा. अशा मुलांची नावे हजेरीपटावरून मीच माझ्या हाताने खोडली आहेत.

त्यागाची स्तुती आता पुरे. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. न विचारता घेतले, त्याला दुसरे नाव आहे. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क काठच्या वाडीचा, आणि ते वर चढविण्याचा खर्च खाली वापरणाऱ्या सर्वांचा.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे ओढाल तेव्हा एवढे घरात बोला; आणि मत मागायला जो येईल, त्याला हे उंबऱ्यातच विचारा.