अठ्ठावीस इंचांचा अभिमान

सायकलीच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवू नये, असा अस्सल पुणेकराप्रमाणे माझाही समज होता. कॉलेजची चार वर्षे सायकलवर काढलेला माणूस मी! त्यामुळे आमच्या कन्येच्या नव्या रेसिंग सायकलीची ट्यूब गेली, तेव्हा "आण इकडे," असे मी ऐटीत म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती प्रथमच एकटी सिंहगडाच्या पायथ्याशी जाणार होती. सौभाग्यवतींचा विरोध होता. जामीन मी राहिलो होतो.

कोपऱ्यावरच्या दुकानातून अठ्ठावीस इंची ट्यूब आणली, तर तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात शिरेना! कन्येने टायरच्या कडेचा आकडा दाखवला: 25-622. पंचवीस ही टायरची रुंदी, 622 हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आमच्या जुन्या 'अठ्ठावीस-दीड'चा हाच व्यास 635. आमच्या व्हॉल्व्हला 8 मिलिमीटरचे भोक लागे, हिच्या सडपातळ प्रेस्टा व्हॉल्व्हला 6 पुरते. शिवाय रिम उंच असेल, तर व्हॉल्व्हही लांब हवा, नाहीतर पंपाचे तोंडच लागत नाही. (मुलीचे स्थळ पाहतानासुद्धा मी इतकी मापे काढणार नाही!)

योग्य ट्यूब आली. टायरची शेवटची चार बोटे कड मात्र काही केल्या रिमवर चढेना. कन्येची पाठ फिरलेली पाहून मी हळूच स्क्रूड्रायव्हर घातला. कड टपकन बसली.

सकाळी सहाला फोन वाजला. खडकवासल्याजवळ पुढचे चाक बसले होते. उतारावर नव्हती, एवढेच नशीब. सौभाग्यवती एक शब्दही बोलल्या नाहीत; त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

स्कूटरवरून पोहोचलो. ट्यूब हातात धरून कन्या म्हणाली, "बाबा, काटा लागला असता तर भोक टायरच्या बाजूला असते. हे रिमच्या बाजूला आहे. स्क्रूड्रायव्हर?"

मी मान खाली घातली.

तिने जवळची दुसरी ट्यूब काढली. टायर आतून बोटांनी चाचपला. व्हॉल्व्हची चिमुकली चकती सैल करून ट्यूबमध्ये तोंडाने थोडी फुंकर मारली. गोल झालेली ट्यूब दुमडत नाही. मग टायरची कड चढवत चढवत दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत गेली. तिथे घेर कमी असतो, त्यामुळे समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो. आमच्या पिढीने तो सैलपणा स्क्रूड्रायव्हरकडून मागितला!

चार बोटे उरली, तेव्हा तिने चाक माझ्यापुढे धरले.

"अंगठ्यांनीच हं, बाबा."

दोन्ही अंगठे लावून जोर केला. कड बसली. कुठे ट्यूब चिमटली तर नाही ना, हे टायर दोन्हीकडे वाकवून तिने सबंध घेर पाहिले, आणि पंप माझ्या हातात दिला.

"ऐंशी पौंड," ती म्हणाली, "आणि आईला सांगा, मी पुढे जातेय."