न्यायमंदिरात मूर्ती कोणाची?

न्यायालयास ‘न्यायमंदिर’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. कोनशिला बसविताना मंत्री तसे म्हणतात, निरोपसमारंभात वकील तसे म्हणतात, आणि अग्रलेखाला थोडे वजन यावे म्हणून आम्हीही तो शब्द वेळोवेळी वापरीत आलो आहोत. परंतु शब्द वाटतात तितके निरुपद्रवी नसतात. मंदिर म्हटले की मूर्ती आली, मूर्ती आली की पुजारी आला, आणि पुजारी आला की गाभाऱ्यापर्यंत कोणी यावे व पायरीशी कोणी थांबावे हा प्रश्नही ओघानेच आला. जयपूर येथे नेमके हेच घडले आहे.

राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाच्या आवारात १९८९ च्या जून महिन्यात मनूचा पुतळा उभा राहिला. तो कोणा धर्मसंस्थेने रात्रीतून आणून ठेवलेला नव्हता. राज्यातील न्यायिक अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे न्यायदान करणाऱ्यांनीच, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन तो बसविला. त्यावर गदारोळ उठला, आणि महिन्याभरातच उच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींच्या सभेने पुतळा तेथून हलवावा असा ठराव केला. चूक झाली, ती ध्यानात आली, ती दुरुस्त करण्याचे ठरले. प्रकरण येथेच मिटावयास हवे होते. परंतु ठराव अमलात येण्यापूर्वीच त्याविरुद्ध याचिका दाखल झाली, पुतळा हलविण्यास स्थगिती मिळाली, आणि तीस वर्षे उलटली तरी त्या याचिकेचा निकाल लागला नाही. न्यायालयाने स्वतःविषयी घेतलेला निर्णय न्यायालयानेच अडवून धरावा, आणि तो अडविणे योग्य की अयोग्य हेही एका पिढीत ठरू नये, ह्याला काय म्हणावे?

ह्या वादात बहुतेक वेळ मनू थोर की अथोर ह्याच चर्चेत गेला. आमच्या मते ती चर्चा येथे गैरलागू आहे. मनुस्मृती हा आपल्या व्यवहारशास्त्राच्या इतिहासातील एक मोठा ग्रंथ आहे, हे कोणी नाकारीत नाही. त्याच्या आठव्या अध्यायात अठरा व्यवहारपदांची मांडणी आहे. ऋण, निक्षेप, सीमावाद, वेतन ह्यांचा विचार आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने तो वाचावा, उच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात तो अवश्य असावा. परंतु त्याच अध्यायात एकाच अपराधासाठी जन्मानुसार निरनिराळी शिक्षा आहे. द्विजाला कठोर शब्द बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी असे तेथे सांगितले आहे, आणि इतरांस जेथे देहदंड तेथे ब्राह्मणास मुंडन पुरे असेही सांगितले आहे. ग्रंथालयातील ग्रंथ आपण उघडतो तेव्हा तो आपल्याशी बोलतो आणि मिटला की गप्प बसतो. आवारातील पुतळ्याचे तसे नसते. तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी, त्याची इच्छा असो वा नसो, बोलत राहतो.

आणि न्यायालयात येणारा मनुष्य स्वेच्छेने आलेला नसतो, हा ह्या प्रश्नाचा गाभा आहे. देवळात भाविक जातो, सभेला अनुयायी जातो, प्रदर्शनाला हौशी जातो. कोर्टात मनुष्य समन्स आले म्हणून जातो, पोलिसांनी आणले म्हणून जातो, किंवा दुसरा कोणताच मार्ग उरला नाही म्हणून जातो. तेथली भिंत आवडली नाही तर उठून जाण्याची त्याला मुभा नाही. आम्ही आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली आहेत. उत्तर न येणारे पोर मास्तरांच्या तोंडाकडे पाहत नाही, मास्तरांच्या मागच्या भिंतीकडे पाहते, हे कोणताही शिक्षक सांगेल. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला मनुष्य काही वेगळे करीत नाही. त्याचे जन्मभराचे ज्यावर अवलंबून आहे असे वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच्या क्षणी त्याची नजर जेथे खिळते, तेथे काय असावे हे ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या भक्तीला नाही.

महाराष्ट्राला हे कोणी परक्याने शिकविण्याची गरज नाही. महाडच्या चवदार तळ्याची हकिगत आपण शाळेपासून ऐकतो, पण तिच्यातील एक तपशील बहुधा गाळून ऐकतो. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी दुसऱ्यांदा महाडला जमले, ते तळ्याचे पाणी पुन्हा एकदा घेण्यासाठी. त्याआधीच सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावून पाणी घेण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. २५ डिसेंबर रोजी ह्याच परिषदेत मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्यावर मात्र मंडळी मिरवणुकीने गेली, काठाला वळसा घालून परतली, पाण्याला कोणी हात लावला नाही. कारण न्यायालयाचा हुकूम होता. ज्यांना शतकानुशतके पाणी नाकारले गेले होते, ज्यांची संख्या हजारोंची होती आणि ज्यांच्यासमोर तळे हाताच्या अंतरावर होते, त्यांनी मनूचा ग्रंथ अग्नीत टाकला आणि न्यायाधीशाचा कागद शिरोधार्य मानला. पुढे जवळजवळ दहा वर्षे तो दावा चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने त्याचा शेवट झाला.

ग्रंथ आणि न्यायालय ह्यांतील हा फरक त्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या समुदायाने इतक्या स्वच्छपणे ओळखला होता. बासष्ट वर्षांनी जयपूरच्या विद्वान न्यायिक अधिकाऱ्यांनी तो पुसून टाकला. ज्या मनूला सोडून लोक न्यायालयाकडे आले, तोच मनू न्यायालयाच्या अंगणात त्यांच्या स्वागताला उभा केला. महाडच्या दिवाणी न्यायालयाच्या दारात असा पुतळा असता, तर त्या मनाई हुकुमाचा तेवढा मान राहिला असता काय?

ह्या पुतळ्याविरुद्ध डॉ. बाबा आढावांसारख्यांनी सनदशीर आंदोलने केली. काही हलले नाही. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेहून जयपुरास गेलेल्या दोन स्त्रियांनी पुतळ्यावर काळा रंग फासला आणि त्या अटकेत गेल्या. आम्ही त्या कृत्याचे समर्थन करीत नाही. महाडचा वारसा काळ्या रंगाचा नाही, तो हुकूम पाळून दावा जिंकण्याचा आहे. परंतु दावा जिंकावयाचा तर त्याचा निकाल तर लागला पाहिजे! ज्या स्थगितीखाली पुतळा उभा होता तिचे वय तेव्हा एकोणतीस वर्षांचे झाले होते, हे त्या दोघींचा निषेध करणाऱ्यांनी विसरू नये.

न्यायाधीश हाही मनुष्य आहे, त्याला श्रद्धा असणार, तिचे चिन्ह दिसले तर बिघडले कोठे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच निरनिराळ्या धर्मांच्या पाच न्यायमूर्तींनी तिहेरी तलाकचा निकाल दिला. सरन्यायाधीश खेहर शीख होते आणि पगडी घालून बसले होते. त्या पगडीने कोणाच्या मनात किंतु आला नाही. पगडी त्या पुरुषाच्या मस्तकावर असते, त्याच्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबर घरी जाते. ती न्यायासनाच्या वतीने काही बोलत नाही. भिंतीवर ठोकलेले चिन्ह मात्र राज्याच्या वतीने बोलते, आणि ते ठोकणारा न्यायाधीश निवृत्त झाल्यावरही बोलतच राहते.

हा फरक न ओळखण्याचा परिणाम पाहावयाचा असेल तर अमेरिकेच्या अलाबामा राज्याकडे पाहावे. रॉय मूर नावाच्या न्यायाधीशाने प्रथम आपल्या कोर्टात बायबलातील दहा आज्ञांची लाकडी पाटी टांगली. त्या पाटीने त्याला प्रसिद्धी दिली, प्रसिद्धीने मते दिली (तेथे न्यायाधीश निवडून येतात), आणि २००० साली तो राज्याचा सरन्यायाधीश म्हणून निवडून आला. मग पाटी पुरेशी वाटेना. ३१ जुलै २००१ च्या रात्री त्याने न्यायभवनाच्या मुख्य दालनात सुमारे २,४०० किलो वजनाची दहा आज्ञांची शिळा आणून बसविली. संघराज्याच्या न्यायालयाने ती हलविण्याचा हुकूम दिला. सरन्यायाधीशाने तो पाळण्यास नकार दिला! अखेर ऑगस्ट २००३ मध्ये शिळा हलली आणि नोव्हेंबरात सरन्यायाधीश पदावरून दूर झाला. पाटी टांगताना त्याला आपण केवळ आपली श्रद्धा व्यक्त करतो असेच वाटले असेल. न्यायाधीशाची श्रद्धा भिंतीवर चढली की ती तेथे थांबत नाही, ती मतपेटीकडे निघते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७३ सालीच एका ज्यू पक्षकाराच्या तक्रारीवरून सांगितले होते की आपल्या श्रद्धेविरुद्ध क्रूसाखाली बसून दावा चालविण्याची सक्ती कोणावर होता कामा नये. तेथेही प्रश्न क्रूसाच्या पावित्र्याचा नव्हता, पक्षकाराच्या सक्तीचा होता.

आता ज्या मुद्द्यावर आमचे काही स्नेही आमच्यावर रुष्ट होतील त्याकडे वळतो. मनू नको, तर मग आंबेडकर चालतील काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. २६ जानेवारी २०२२ रोजी कर्नाटकात रायचूरच्या जिल्हा न्यायालयात ध्वजवंदनाच्या वेळी बाबासाहेबांची तसबीर काढावयास लावल्याचा आरोप झाला, मोठा क्षोभ उसळला, आणि राष्ट्रीय समारंभांत ती तसबीर ठेवावी असे उच्च न्यायालयास परिपत्रकाने सांगावे लागले. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये न्यायालयांत केवळ गांधीजी व तिरुवळ्ळुवर ह्यांचीच चित्रे असावीत असे परिपत्रक काढले, तेव्हा आंबेडकरांची तसबीर उतरणार काय ह्या शंकेने तामिळनाडूत वादळ उठले.

मनूचा पुतळा आणि आंबेडकरांची तसबीर एका तागडीत घालणे हा शुद्ध अप्रामाणिकपणा होय. एकाच्या ग्रंथात मनुष्याची किंमत जन्मावर ठरते. दुसऱ्याने ज्या घटनेचा मसुदा सिद्ध केला तिच्याखाली ती सर्वांची सारखी आहे, आणि न्यायाधीशाची खुर्चीही त्याच घटनेने दिलेली आहे. प्रजासत्ताकदिनी, संविधानदिनी बाबासाहेबांची तसबीर तेथे नसेल तर तो समारंभच खोटा. न्यायालयाच्या ग्रंथालयात, सभागृहात, प्रवेशद्वाराशी ती अवश्य असावी. परंतु जेथे प्रत्यक्ष खटला चालतो त्या दालनात, न्यायासनामागे, राजमुद्रेवाचून काहीही असू नये, कोणाही व्यक्तीचे चित्र असू नये, असे आमचे मत आहे. आदराला तेथे जागा दिली की कोणाचा आदर हे ठरविणे आले, आणि ते ठरविणारे बदलत राहतात. आज ज्यांना हवी ती तसबीर लागली म्हणून संतोष होतो, त्यांना उद्याच्या मुख्य न्यायाधीशाची निवड सोसेलच असे नाही. शिवाय बाबासाहेबांना भिंतीवर पाहून निर्धास्त होणारा पक्षकार त्या दालनात जसा असेल, तसा त्यांच्या अनुयायाविरुद्ध फिर्याद घेऊन आलेलाही असेल. त्यालाही आपले म्हणणे पूर्ण ऐकले जाईल असे वाटले पाहिजे. बाबासाहेब बॅरिस्टर होते; पक्षकाराच्या मनातील धाकधूक त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक होती.

म्हणजे न्यायालयाने स्मृतिहीन व्हावे काय? मुळीच नाही, आणि ह्याचे उत्तर आमच्याच शहरात आहे. मुंबई उच्च न्यायालयात १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, ज्युरीने त्यांना दोषी ठरविले आणि न्यायमूर्ती दावर ह्यांनी सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा दिली. शिक्षेपूर्वी टिळकांनी ज्युरीचा निर्णय न मानता आपण निर्दोष आहोत असे जे सांगितले, ते शब्द १९५६ साली मुख्य न्यायाधीश छगला ह्यांनी त्या दालनाबाहेर संगमरवरी शिळेवर कोरवून तिचे अनावरण केले. ही शिळाही चिन्हच आहे, राजकीय चिन्ह आहे. मग तिला आमचा आक्षेप का नाही? कारण ती कोणाकडे पाहते ते पाहा. जयपूरचा मनू पक्षकाराकडे पाहतो आणि त्याला त्याची पायरी दाखवितो. मुंबईची शिळा न्यायमूर्तीकडे पाहते. रोज त्या व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाला ती सांगते की ह्या दालनात एकदा निरपराध्याला शिक्षा झाली होती, आणि ती तुमच्यासारख्याच एका विद्वान माणसाने दिली होती. अशी दहा चिन्हे न्यायालयात लागली तरी आम्ही त्यांचे स्वागतच करू.

जयपूरच्या आवारातील पुतळा ग्रंथालयात वा वस्तुसंग्रहालयात न्यावा. आणि प्रत्येक उच्च न्यायालयाने, घटनेच्या २३५ व्या अनुच्छेदान्वये जिल्हा व दुय्यम न्यायालयांवर त्याचे जे नियंत्रण आहे त्याच्या आधारे, खटल्याच्या दालनात राजमुद्रेखेरीज काहीही लावू नये असा लेखी नियम करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आयोग लागत नाही. सर्व न्यायमूर्तींची एक सभा पुरते. राजस्थानच्या न्यायमूर्तींस १९८९ च्या जुलैत ती पुरली होती.