धुऱ्यावरचे मेलेले मुंगूस



गेल्या भाद्रपदात आमच्या शेताच्या धुऱ्यावर एक मुंगूस मरून पडलेले दिसले. तेथून दहा पावलांवर दोन चिचुंद्र्या पडल्या होत्या. आदल्या दिवशी औषध कालवायचा ड्रम ठेवला होता तीच ही जागा. आम्ही ती फावड्याने उचलून खड्ड्यात टाकली आणि पुढच्या कामास लागलो. त्याच संध्याकाळी फवारा मारणाऱ्या मजुरास मळमळू लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तोंडात लाळ दाटली. त्याला आदिलाबादच्या दवाखान्यात न्यावे लागले. चार दिवसांनी तो बरा होऊन घरी आला. पण मुंगूस आणि मजूर या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्या, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. सकाळी मिळालेली सूचना आम्ही ऐकली असती, तर संध्याकाळचा प्रसंग टळला असता.

कोणी म्हणेल, उंदीर-चिचुंद्रीची कसली कीव? उंदीर तर आपल्या दाण्याचा चोर. हे म्हणणे खोटे नाही, आणि आम्हीही कीव करा असे सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, शेतातला लहान प्राणी आपल्या आधी विष भोगतो. त्याची नोंद ठेवणे आपल्याच फायद्याचे आहे.

हे नीट समजून घेऊ. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हे रंग मुख्यतः प्रयोगशाळेतील उंदरांवरून ठरतात. दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेले असता निम्मे उंदीर मरतात, तो आकडा काढतात. तो आकडा ५० किंवा त्याहून कमी असेल तर लाल त्रिकोण. कपाशीवर वर्षानुवर्षे फवारल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉसचा आकडा सुमारे १५ आहे. म्हणजे २० ग्रॅमच्या उंदरास ०.३ मिलिग्रॅम पुरते. या औषधाच्या ३६ टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे १८ मिलिग्रॅम विष असते. गणित आपणच करून पाहावे.

परंतु त्रिकोण अर्धीच गोष्ट सांगतो. विष किती जहाल हे तो सांगतो, ते शरीरात किती जाते हे सांगत नाही. धोका या दोन्हींवर मिळून ठरतो. लहान प्राण्याचे दुर्दैव असे की, त्याच्या वजनाच्या मानाने त्याचे खाणे फार असते. २० ग्रॅमचा उंदीर दिवसाला सुमारे ३ ग्रॅम खातो. ६० किलोचा माणूस दीड किलो खातो असे धरू. दोघांच्या अन्नात दर किलोस १० मिलिग्रॅम विष असेल, तर उंदराच्या शरीरात दर किलो वजनामागे दीड मिलिग्रॅम जाते, माणसाच्या पाव मिलिग्रॅम. म्हणजे अन्न तेच, पण उंदरावर भार सहापट. चिचुंद्रीचे खाणे तर याहूनही अधिक, आणि ती खाते किडे, ज्यांच्यावर आपण फवारलेले असते.

युरोपात हाच हिशेब परवानगी देण्यापूर्वी करतात. तेथील अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली पक्षी व सस्तन प्राण्यांसाठी त्याची रीत घालून दिली. रानउंदरासारखा प्राणी फवारलेल्या शेतात एका दिवसात किती विष खाईल ते काढायचे, आणि मारक आकड्यास त्याने भागायचे. उत्तर १० च्या खाली आले, तर अधिक तपास केल्याशिवाय पुढे जायचे नाही. वरच्या आमच्या उदाहरणात १५ भागिले दीड, म्हणजे बरोबर १०. अगदी काठावर! आणि यात उंदराने अंग चाटले, सांडलेले पाणी प्यायले, ओल्या गवतातून धावला, हे धरलेलेच नाही.

आता हाच हिशेब मजुरास लावून पाहा. उंदीर अंग चाटतो. आपला माणूस भिजलेल्या सदऱ्याने दिवसभर फिरतो आणि त्याच हाताने तंबाखू मळतो. पुष्कळशा जहाल औषधांचे काम एकच असते, मज्जातंतूंचा निरोप आवरणाऱ्या एका द्रव्यास बंद पाडणे. ते द्रव्य उंदरात, मुंगसात आणि माणसात सारखेच आहे. म्हणून लाळ, आसवे, थरथर आणि श्वास कोंडणे ही लक्षणेही सारखीच.

पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कपाशी माणसाच्या उंचीची वाढली होती, औषधे एकमेकांत मिसळून फवारली जात होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते. शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक दगावले. आमची काळी माती तीच, पऱ्हाटी तीच, पंपही तेच. नदी मध्ये आहे म्हणून विष अलीकडे सौम्य होत नाही. शिवाय त्रिकोण एकेका औषधाचा असतो. आपण तीन-चार एकत्र कालवतो, त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणत्याच डब्यावर छापलेला नसतो.

दुसरेही नुकसान आहे. मुंगूस उंदीर खाते, घुबडही खाते. किडे खाणारी वटवाघळे रात्री पतंग टिपतात, आणि बोंडअळीची सुरुवात पतंगापासूनच होते. उंदीर मारण्यासाठी वापरतात त्या ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधांचा अंश मेलेल्या उंदराच्या यकृतात राहतो आणि तो उंदीर खाणाऱ्याच्या पोटात जातो. म्हणजे चोरामागोमाग राखणदारही मरतो, आणि पुढच्या साली चोर परत येतो.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. २०१८ च्या आदेशाने फोरेट, ट्रायझोफॉस यांसारखी औषधे २०२० अखेर बंद झाली. पण प्रत्येक बंदीच्या आधी वर्षानुवर्षे कोणीतरी भोगलेले असते. बंदीची वाट पाहत बसणे हा शेतकऱ्याचा उपाय होऊ शकत नाही.

आमचे मत असे आहे की, प्रत्येक घरात फवारणीची वही असावी. तारीख, औषधाचे नाव, त्रिकोणाचा रंग, कोणी फवारले, आणि पुढचे तीन दिवस धुऱ्यावर काय मेलेले आढळले, एवढे पाच रकाने पुरेत. शाळेत जाणारी मुले ती लिहू शकतात, मात्र मेलेल्या प्राण्यास त्यांनी हात लावू नये. दहा-वीस घरांच्या वह्या घेऊन आपण कृषी विज्ञान केंद्रात गेलो, तर आपले म्हणणे ऐकावेच लागेल. एकट्याची तक्रार वाऱ्यावर जाते, वहीतली जात नाही.

त्याबरोबर एवढे पाळावे. औषध विहिरीजवळ किंवा नाल्याकाठी कालवू नये. औषध चोळलेले बी उघडे सांडू नये, मातीआड करावे. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्यास भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी पाणी वा तेल भरणार नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा फुले-बोंडे किडलेली आढळली, तरच फवारणीचा विचार करावा. शेजाऱ्याने मारला म्हणून आपण फवारा मारू नये. मजुरास त्रास झाला तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. कोणते विष ते कळले की डॉक्टरांचे काम सोपे होते.

आमचा तो मजूर यंदाही आमच्याकडेच आहे. औषध कालवण्याआधी आता तो स्वतः धुऱ्यावर एक फेरी मारून येतो, आणि मालकाच्या हातात वही आहे की नाही तेही पाहतो. हे शहाणपण आम्हांस एका मुंगसाने शिकवले. आपणांस त्यासाठी दवाखान्याची वाट चालावी लागू नये.